फुटबॉल मॅनेजरचा हिशेब: मोजणी कुठून सुरू करायची?

डावा पाय (धागाकर्ता)

लंडनच्या टॉटनहॅम क्लबने मॅनेजर अँज पोस्टेकोग्लूला ६ जून २०२५ ला काढलं. त्याच्या दोनच आठवडे आधी, २१ मे ला, बिलबावमध्ये मँचेस्टर युनायटेडला १-० हरवून त्याने क्लबला युरोपा लीग जिंकून दिली होती. २००८ नंतरचा क्लबचा पहिला चषक, आणि युरोपातला तर १९८४ नंतरचा पहिला. पण त्याच मोसमात प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सर्वोच्च लीगमध्ये, संघ २० पैकी १७ वा आला. ३८ पैकी २२ सामने हरला. प्रीमियर लीग सुरू झाल्यापासून क्लब इतका खाली कधीच गेला नव्हता.

आमच्या ग्रुपवर हा वाद अजून अधूनमधून पेटतो. एक गट म्हणतो, चषक आणला, आणखी काय हवं? दुसरा म्हणतो, सतराव्या नंबरावर नेणाऱ्याला कोण ठेवेल? मला यात खटकतं ते हे, की दोन्ही गट निकाल हातात आल्यावर मोजपट्टी निवडतात.

क्लबनेही तेच केलं. निवेदनात आकडा दिला, लीगच्या शेवटच्या ६६ सामन्यांत ७८ गुण. पण ६६ च का? पोस्टेकोग्लूने लीगचे एकूण ७६ सामने सांभाळले. त्यातल्या पहिल्या १० सामन्यांत ८ विजय, २ बरोबरी, २६ गुण. ते दहा बाजूला काढले की ६६ उरतात. तसं केलं तर सामन्यामागे साधारण १.१८ गुण पडतात, म्हणजे अख्ख्या मोसमाचे ४५. सगळे ७६ धरले तर १०४ गुण, सामन्यामागे साधारण १.३७, मोसमाचे ५२. दोन्ही आकडे खरे आहेत, पण ४५ वाल्या मॅनेजरला लोक हाकलतात आणि ५२ वाल्याला आणखी एक वर्ष देतात.

माझं म्हणणं साधं आहे. मॅनेजरला नेमतानाच कागदावर लिहा, की या खेळाडूंत, एवढ्या पैशांत, इतक्या काळात काय झालं तर आम्ही समाधानी असू. नंतर त्याच कागदावर मोजा. पोस्टेकोग्लू आला त्या उन्हाळ्यात संघाचा मुख्य गोल करणारा हॅरी केन जर्मनीच्या बायर्नला गेला. आधीच्या मोसमात ८ वा आलेला संघ आणि त्यातून केन वजा. त्याच्याकडून पहिल्या वर्षी काय मागितलं असतं तुम्ही? तो ५ वा आला, ६६ गुणांनी.

इंग्लंडपुरतंच बोलायला हवं असं नाही. आपल्याकडची, तालुक्याच्या संघाची उदाहरणं असली तरी द्या. मला हे खरंच समजून घ्यायचंय.

---

फक्त निकाल

मी स्पष्ट लिहितो. या माणसांना कोट्यवधी पौंड मिळतात ते गुण आणण्यासाठी. लीगचं टेबल हीच मोजपट्टी आहे आणि ती मोसमाच्या आधीपासून सगळ्यांना माहीत असते. नवीन कागद कशाला?

परिस्थितीकडे बघा म्हणायला लागलं की शेवट नाही. जखमी खेळाडू, पंच, मालक, पाऊस. प्रत्येक मॅनेजरकडे अशी यादी तयार असते. त्याच यादीचा फायदा घेऊन मँचेस्टर युनायटेडने २०१३ नंतर किती वर्षं घालवली बघा. दर वेळी कुणीतरी तिथल्या जुन्या मॅनेजरचं, फर्ग्युसनचं नाव काढतं. १९८६ च्या नोव्हेंबरात आला, १९८९ मध्ये ११ वा, १९९० मध्ये १३ वा, तरी थांबले म्हणून पुढे १३ लीग विजेतेपदं मिळाली. पण ज्यांच्यासाठी थांबले आणि काहीच मिळालं नाही त्यांची नावं कुणाच्या लक्षात राहतात? एक फर्ग्युसन दिसतो म्हणून संयमाचं गणित बरोबर ठरत नाही.

आणि पोस्टेकोग्लू पुढे नॉटिंगहॅम फॉरेस्टला गेला. तिथे ८ सामने, एकही विजय नाही, ३९ दिवसांत घरी. त्याच्या आधी नूनोने हाच क्लब ७ व्या क्रमांकावर आणला होता. टॉटनहॅमचा निर्णय बरोबर होता याला आणखी काय पुरावा हवा?

---

उत्तर लंडन

मी सीझन तिकीटवाला नाही, पण इथे राहतो आणि जमेल तेव्हा मैदानावर जातो. त्यामुळे थोडं आतलं सांगतो.

त्या दुसऱ्या मोसमात जखमी खेळाडूंचं जे झालं ते टीव्हीवर आकड्यांत दिसतं तेवढं सोपं नव्हतं. गोलकीपर विकारिओचा घोटा मोडला. रोमेरो आणि फान डे फेन हे दोन्ही मुख्य सेंटर बॅक, म्हणजे मधले बचावपटू, बाहेर. त्या जागी १८ वर्षांचा आर्ची ग्रे खेळत होता, जो मुळात मिडफिल्डर. त्या पोराने जीव तोडून खेळ केला, पण तो सेंटर बॅक नव्हता. अशी मागची फळी घेऊन कुणीही मॅनेजर झगडलाच असता.

पण, आणि हे मला तितक्याच जोरात म्हणायचंय, सगळ्याच दुखापती नशिबाच्या नसतात. ८ डिसेंबरला चेल्सीविरुद्ध रोमेरो आणि फान डे फेन दोघेही परत आले आणि त्याच सामन्यात दोघेही पुन्हा जखमी होऊन बाहेर गेले. त्यांना खेळवायचा निर्णय कुणी घेतला? सतत पुढे दाबायचं, बचावाची रेषा मैदानाच्या मध्यापर्यंत न्यायची, चेंडू मागे पडला की बचावपटूंनी जीव खाऊन मागे धावायचं. ही त्याची पद्धत होती. मांडीचे स्नायू त्याच पद्धतीत जातात. तेव्हा जखमींची यादी पूर्ण माफीच्या खात्यात टाकता येत नाही. थोडी इकडे, थोडी तिकडे.

दुसरी बाजूही सांगतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये चेल्सीविरुद्ध दोन लाल कार्ड होऊन नऊ जण उरले, तरी रेषा मध्यावरच. १-४ हरलो. तेव्हा सगळे म्हणाले, हा माणूस बदलणार नाही. मग बिलबावला काय झालं? गोल केला आणि उरलेला सामना मागे राहून, दात ओठ खाऊन वाचवला. फान डे फेनने गोलरेषेवरून चेंडू काढला तो क्षण मी विसरणार नाही. ज्याला हटवादी म्हणत होते त्याने सगळ्यात मोठ्या दिवशी स्वतःची पद्धत बाजूला ठेवली. मॅनेजरला जोखताना याला जागा असायलाच हवी. टेबलात ती जागा नाही.

---

मध्यरेषा

आकडेवारी हा माझा रोजचा विषय आहे, म्हणून थोडं सविस्तर.

टॉटनहॅमचे त्या मोसमातले लीगचे गोल, ६४ केले, ६५ खाल्ले. फरक उणे १. सतराव्या क्रमांकाच्या संघाचा! १५ व्या क्रमांकाच्या मँचेस्टर युनायटेडचा फरक होता उणे १०, १६ व्या वुल्व्ह्जचा उणे १५. गोलफरकाने लावलं तर टॉटनहॅम तेरावा येतो. ४-०, ५-०, ४-१ असे मोठे विजय आणि एका गोलाने हरलेले ढीगभर सामने, असा तो मोसम होता. एका गोलाच्या फरकाने हरणं हे काही अंशी कौशल्य असतं, काही अंशी योगायोग. एका मोसमात त्यांची फारकत करणं फार अवघड.

म्हणून मी गुणांच्या जोडीला संधी बघते. किती चांगल्या जागांवरून फटके मारले आणि किती मारू दिले, याला एक्सजी म्हणतात. ग्रॅहम पॉटरचा ब्रायटन २०२०-२१ मध्ये १६ वा आला, ४१ गुण. टेबल बघून काढून टाकला असता. पण संधींच्या हिशेबात तो संघ त्याहून बराच वर होता, क्लबने ते पाहिलं, थांबले. पुढच्या मोसमात ९ वा, ५१ गुण. त्याहून गाजलेलं उदाहरण युर्गन क्लॉपचं. २०१४-१५ मध्ये फेब्रुवारीच्या सुरुवातीला त्याचा तेव्हाचा क्लब डॉर्टमुंड जर्मनीच्या बुंडेसलीगात शेवटच्या क्रमांकावर होता, शेवटी ७ वा आला. क्लॉप संपला असं लिहून आलं होतं. लिव्हरपूलच्या विश्लेषकांनी सामने तपासून सांगितलं की खेळ तितका बिघडलेला नाही, निकाल बिघडलेत. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांनी त्याला घेतलं.

आता पैसा. इंग्लिश फुटबॉलमध्ये अनेक वर्षांची सरासरी काढली तर क्लबचा क्रमांक त्याच्या पगारखर्चाच्या क्रमांकाला चिकटून चालतो, हे स्टीफन शिमान्स्की या अर्थतज्ज्ञाने फार पूर्वी दाखवलंय. एका मोसमात हा संबंध ढिला असतो, दहा वर्षांत घट्ट. म्हणजे मॅनेजरकडून काय अपेक्षित होतं याचा पहिला अंदाज पगारपत्रकातच मिळतो. टॉटनहॅम मोठ्या सहा क्लबांत पगारावर सगळ्यात कमी खर्च करणारा. त्याच्याकडून पाचवा-सहावा क्रमांक मागणं रास्त, सतरावा मात्र कुठल्याही हिशेबात खालीच. तेव्हा 'डावा पाय' यांचा कागद लिहिला असता तरी दुसऱ्या मोसमाची लीग त्यावर नापासच झाली असती, हेही म्हणायला हवं.

फॉरेस्टबद्दल: ८ सामन्यांवरून मी कुणाबद्दलच काही बोलणार नाही. मोसम सुरू झाल्यावर आलेला माणूस, आधीच्या मॅनेजरच्या पूर्ण उलट पद्धत. त्याला नेमणं हाच चुकलेला निर्णय होता असं फार तर म्हणता येईल, आणि तो निर्णय मॅनेजरचा नसतो.

---

खरी कॉर्नर

मध्यरेषाताई, लय भारी लिहिलंय. माझ्यासारख्याला पण समजलं.

आमच्या कोल्हापुरात तर मॅनेजर बदलायला मोसम संपायची वाट बी बघत नाहीत. शाहू स्टेडियमवर एक मॅच हरली की रात्री पेठेत बैठक. मी एका तालमीच्या संघाबरोबर बरीच वर्षं आहे, नाव घेत नाही. आमचा कोच म्हणजे शाळेत पीटीचे मास्तर. सकाळी शाळा, संध्याकाळी पोरं. परदेशी खेळाडू कुठला आणायचा ते पदाधिकारी ठरवणार, कुणाला खेळवायचं त्यात पण चार जण तोंड घालणार, आणि हरल्यावर मास्तरांनी राजीनामा द्यायचा. त्यांच्या हातात काय होतं, हा प्रश्न कुणी विचारतच नाही.

मला विचाराल तर मी एकच बघतो. पोरगं आलं तेव्हा काय खेळत होतं आणि दोन वर्षांनी काय खेळतंय. आमच्यात एक लेफ्ट बॅक आला होता, पाय फक्त डावा चालायचा, डोकं वर करून बघायचंच नाही. मास्तरांनी त्याला रोज भिंतीवर उजव्या पायाने मारायला लावलं, मधे मधे नावानं हाक मारून मान वर करायला लावायची. तो पोरगा आज दुसऱ्या जिल्ह्यात नोकरीच्या कोट्यातून खेळतोय. आम्ही त्या वर्षी काहीच जिंकलो नव्हतो. मास्तरांचं काम झालं का नाही झालं?

कोरडवाहू रानाचा उतारा बागायतीच्या मापाने कोण मोजत नाही. कोचला मात्र सगळे मोजतात.

---

फक्त निकाल

खरी कॉर्नर, तुमच्या मास्तरांबद्दल पूर्ण आदर. पण तालमीचा कोच आणि प्रीमियर लीगचा मॅनेजर यांच्यात फरक आहे. मास्तरांना पगार किती मिळतो? पोरं घडवणं हेच त्यांचं काम आहे, आणि त्यावर ते पास. टॉटनहॅमला पोरं घडवायला वेगळी अकादमी आहे.

मध्यरेषा, एक शंका. एक्सजी चांगला आणि गुण वाईट असं सलग दोन मोसम झालं तर? तेव्हाही नशीब म्हणायचं का?

---

मध्यरेषा

नाही. दोन मोसम म्हणजे ७६ सामने. तेवढ्यात नशिबाचा भाग बराच झिजतो. तोवर फरक राहिला तर काहीतरी खरं आहे, फिनिशिंग कमजोर आहे, गोलकीपर कमी पडतोय, किंवा संघ पुढे असताना सामना राखू शकत नाही. तिसरी गोष्ट मॅनेजरच्या खात्यात जाते.

काढल्यावर काय होतं तेही इथेच सांगते. बास टेर वील या डच अर्थतज्ज्ञाने नेदरलँड्सच्या एरेडिव्हिसी या सर्वोच्च लीगचे १९८६ ते २००४ पर्यंतचे मोसम तपासले. मॅनेजर काढायच्या आधी निकाल घसरतात, नवीन आल्यावर सुधारतात. सगळ्यांना वाटतं नव्या माणसाची जादू. पण त्याने ज्या क्लबांचे निकाल तसेच घसरले आणि तरी ज्यांनी मॅनेजर ठेवला, तेही पाहिले. ते क्लबही तसेच सुधारले. म्हणजे बरीच सुधारणा आपोआप होणारी होती. घसरगुंडीच्या तळाशी मोजणी सुरू केली तर पुढचा प्रत्येक जण चांगला दिसतो.

---

फातोर्डेकर

मोजणी कुठून सुरू करायची, यावर मला राष्ट्रीय संघाबद्दल लिहायचंच आहे. मडगावचा आहे, आणि १४ ऑक्टोबर २०२५ चा भारत-सिंगापूर सामना आमच्या फातोर्ड्यावर झाला.

आपल्या छांगतेने १४ व्या मिनिटाला गोल केला तेव्हा अख्खा स्टँड उभा होता. मग सिंगापूरच्या सोंग उई-योंगचे दोन गोल. १-२. आशिया कप २०२७ ची दारं बंद. बाहेर पडताना लोक भारताच्या कोचच्या, खालिद जमीलच्या नावाने बोलत होते. मला ते ऐकवत नव्हतं.

हिशेब बघा. गटात सिंगापूर, हाँगकाँग, बांगलादेश. पहिले दोन सामने आधीचा कोच मानोलो मार्केझच्या काळात झाले. बांगलादेशाशी शिलाँगला ०-०, हाँगकाँगला ०-१. दोन सामन्यांत एक गुण. ऑगस्टमध्ये खालिद आला. आयएसएल (इंडियन सुपर लीग) कधी सुरू होणार याचाच पत्ता नव्हता, खेळाडूंचे पाय सामन्यांत नव्हते, एका मोठ्या क्लबने शिबिराला खेळाडू सोडले नाहीत. तरी त्याने मध्य आशियातल्या सीएएफए नेशन्स कपमध्ये ताजिकिस्तानला त्यांच्याच घरी हरवलं आणि ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा क्रमांक आणला. सिंगापूरमधल्या सामन्यात आपल्या झिंगनला लाल कार्ड मिळून दहा जण उरले, तरी शेवटच्या मिनिटांत रहीम अलीने बरोबरी साधली. झिंगन मग फातोर्ड्याला खेळू शकला नाही. या सगळ्यातलं किती खालिदचं? पात्रता फेरी चार सामने झाल्यावर हरलो, पण त्यातले दोन त्याचे होते.

आता मार्केझ. २०२४-२५ मध्ये तो एकाच वेळी एफसी गोवा आणि भारत, दोन्हींचा कोच होता. गोव्याबरोबर लीगमध्ये दुसरा, ४८ गुण, मे महिन्यात सुपर कपच्या अंतिम सामन्यात जमशेदपूरला ३-० हरवलं. (जमशेदपूरचा कोच तेव्हा खालिद जमील!) भारताबरोबर ८ सामने, फक्त मालदीवविरुद्ध एक विजय. एकच माणूस, एकच वर्ष. क्लबला रोजचा सराव, भारताला काही महिन्यांमधून काही दिवस. आमच्या गोव्यातल्या माणसाला विचाराल तर मार्केझ उत्तम कोच. कोलकात्यात विचाराल तर वेगळं ऐकाल. दोघेही डोळ्यांनी पाहिलेलंच सांगतील. दोन खुर्च्या एकाच माणसाला देणं हा भारतीय फुटबॉल महासंघाचा निर्णय होता. त्याच्या परिणामांचं माप मार्केझच्या पदरात घालणं मला मान्य नाही. अर्थात त्यानेही हो म्हटलं, तेवढा भाग त्याचा.

आणि मार्केझच्या आधीचा भारताचा कोच इगोर श्टीमाच. धागाकर्ते म्हणतात तसा कागद त्याच्या बाबतीत होता! विश्वचषक पात्रतेच्या तिसऱ्या फेरीत संघ नेला नाही तर मी जाईन, असं तो स्वतः जाहीर म्हणाला होता. ११ जून २०२४ ला दोहामध्ये कतारविरुद्ध आपण १-० पुढे होतो. ७३ व्या मिनिटाला चेंडू मैदानाबाहेर गेलेला सगळ्या जगाने पाहिला, पंचांनी गोल दिला. शेवटी १-२. जिंकलो असतो तर तिसरी फेरी गाठली असती. १७ जूनला श्टीमाच गेला, नंतर भरपाईचा वाद होऊन महासंघाला तडजोड करावी लागली.

---

डावा पाय

फातोर्डेकर, हे उदाहरण माझ्या मूळ म्हणण्याची खरी परीक्षा आहे. कागद होता, माप ठरलेलं होतं, आणि शेवट एका चुकीच्या निर्णयावर झाला. मग न्याय झाला का?

मी तरी हो म्हणेन, आणि त्याचं कारण कतारच्या सामन्यात नाही. अफगाणिस्तानशी दोन सामने होते. त्यांचे अनेक प्रमुख खेळाडू बहिष्कारामुळे आलेच नव्हते. एक ०-० सुटला, दुसरा गुवाहाटीला आपण १-२ हरलो, तोही सुनील छेत्रीच्या १५० व्या सामन्यात. सहापैकी एक गुण. ते पाच गुण हातात असते तर दोहाचा पंच कुणाच्या लक्षातही राहिला नसता. जानेवारीतल्या आशिया कपात ऑस्ट्रेलिया आणि उझबेकिस्तानकडून हरणं मी समजू शकतो, पण तीन सामन्यांत एकही गोल नाही हे नाही.

त्याच माणसाने २०२३ मध्ये तिरंगी स्पर्धा, इंटरकॉन्टिनेंटल कप आणि दक्षिण आशियाची सॅफ स्पर्धा असे तीन चषक लागोपाठ आणले होते. क्रमवारीत संघ ९९ व्या स्थानावर गेला होता, एप्रिल २०२४ मध्ये १२१ वर. हांगझोऊच्या आशियाई खेळांसाठी क्लबांनी खेळाडू सोडले नाहीत, उरलेल्यांना घेऊन तो गेला, आदल्या दिवशी पोहोचून दुसऱ्या दिवशी चीनकडून १-५ हरला. तो सामना मी त्याच्या खात्यात अजिबात धरत नाही. गुवाहाटी पूर्ण धरतो. मला वाटतं न्याय म्हणजे हेच काम, एकेक सामना उचलून विचारणं की यात त्याला निर्णय घ्यायला जागा किती होती.

---

कूपरेज

इतका वेळ नुसता वाचत होतो. खालिदचं नाव आलं म्हणून लिहितोय.

मी मुंबई एफसी या क्लबचे सामने मुंबईतल्या कूपरेज मैदानावर पाहायला जायचो. खालिद २००९ ते २०१६ त्या क्लबचा कोच होता. पैसा कमी, खेळ बघायला कधी कधी कंटाळवाणा, खरं सांगायला हरकत नाही. चेंडू लांब, बचाव दाट. लोक वैतागायचे. पण आय-लीग या देशपातळीच्या लीगमधून संघ त्याच्या काळात खाली गेला नाही. तो गेला आणि पुढच्याच मोसमात, २०१६-१७ मध्ये, मुंबई एफसी तळाला जाऊन खाली घसरला. क्लब मग राहिलाच नाही.

आणि त्याच मोसमात खालिद कुठे होता? मिझोरमच्या आयझॉल क्लबला. जो संघ आधीच्या वर्षी घसरला होता आणि गोव्याच्या क्लबांनी लीग सोडल्यामुळे परत घेतला गेला. तो संघ त्याने आय-लीग विजेता केला. मुंबईतून जयेश राणे, आशुतोष मेहता असे ओळखीचे खेळाडू बरोबर नेले होते.

माझ्या मते कोचची किंमत कळायची ही सगळ्यात चांगली जागा, तो गेल्यावर आधीच्या घराचं काय झालं आणि नव्या घराचं काय झालं. सात वर्षं आम्ही त्याला 'फक्त वाचवणारा' म्हणत होतो. वाचवणं हेच किती मोठं काम होतं ते नंतर दिसलं.

---

उत्तर लंडन

कूपरेज, ही कसोटी आवडली, पण जपून वापरायला हवी. लेस्टरचं बघा. मॅनेजर रानिएरीने २०१५-१६ ला प्रीमियर लीगचं विजेतेपद आणलं, पुढच्या फेब्रुवारीत संघ घसरणीच्या रेषेच्या जेमतेम एक गुण वर होता तेव्हा त्याला काढलं. तो तोच माणूस होता, पण मधल्या उन्हाळ्यात एन्गोलो कान्ते चेल्सीला गेला होता. चेल्सी आधीच्या वर्षी १० वा, त्या वर्षी विजेता, ९३ गुण. मॅनेजरही बदलला होता, कोन्ते आला होता. मग श्रेय कान्तेचं की कोन्तेचं? एका वेळी चार गोष्टी बदलतात. आयझॉललाही खेळाडू बदलले होतेच.

---

मध्यरेषा

बरोबर. म्हणून एकाच उड्डाणापेक्षा तीन-चार क्लबांतला माणूस बघणं चांगलं. खालिदबद्दल मला विश्वास वाटतो तो यामुळेच, मुंबई, आयझॉल, जमशेदपूर, सगळीकडे कमी पैशांत अपेक्षेपेक्षा वर.

'डावा पाय' यांनी सुचवलेला कागद प्रत्यक्षात वापरणारा एक क्लब आहे, ब्रेंटफर्ड. मालक मॅथ्यू बेनम सट्ट्याच्या गणितातून पैसा कमावलेला, टेबलापेक्षा स्वतःच्या मोजणीवर विश्वास ठेवणारा. फेब्रुवारी २०१५ मध्ये संघ चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या दुसऱ्या पातळीच्या लीगमध्ये, बढतीच्या शर्यतीत असताना त्यांनी जाहीर केलं की मॅनेजर मार्क वॉरबर्टन मोसमानंतर जाणार. लोक खवळले. उलट २०१८ मध्ये नवा मॅनेजर थॉमस फ्रँक पहिल्या १० पैकी ८ सामने हरला, तेव्हा त्याला हलवलं नाही. २०२१ ला त्यानेच प्रीमियर लीगमध्ये नेलं. आणि पोस्टेकोग्लूच्या जागी टॉटनहॅमने कुणाला आणलं? त्याच फ्रँकला.

---

फक्त निकाल

ब्रेंटफर्डचं उदाहरण अर्धंच सांगितलंत. वॉरबर्टन ५ वा आला होता. त्याच्या जागी आणलेल्या डायकहाउझनला काही आठवड्यांतच काढावं लागलं, आणि बढती मिळायला २०२१ उजाडलं. कागद होता, गणित होतं, तरी सहा वर्षं गेली. वॉरबर्टनला ठेवलं असतं तर?

कागद चांगला, मी मानतो. पण तो लिहिणाराच चुकला तर त्याला कोण जोखणार? टॉटनहॅममध्ये मॅनेजर आले आणि गेले, नेमणारे मात्र वर्षानुवर्षं तिथेच होते.

---

फातोर्डेकर

या शेवटच्या वाक्याला माझा पूर्ण पाठिंबा. महासंघाने श्टीमाचला मुदतवाढ दिली, मग काढलं, भरपाई दिली, मार्केझला दोन खुर्च्या दिल्या, मग पात्रता फेरीच्या मधोमध खालिदला आणलं. २०११-१२ मधल्या आमच्या सावियो मेदेरांनंतर इतक्या वर्षांनी भारतीय माणूस मुख्य कोच झाला, आणि त्याच्या हातात काय दिलं, तर एक गुण आणि बंद पडलेली लीग. कोचचा कागद करायचा तर त्याच्या दुसऱ्या बाजूला नेमणाऱ्यांनी काय काय द्यायचं कबूल केलं तेही लिहा. शिबिराचे दिवस किती, क्लब खेळाडू सोडणार की नाही, वर्षाला सामने किती. खाली दोघांच्याही सह्या.

---

खरी कॉर्नर

भावा, हे दोन सह्यांचं लय आवडलं. आमच्या तालमीची मोसमाआधीची बैठक आहे, तिथं मांडतो. मास्तरांनी सरावाला किती पोरं हवीत, मैदान किती वाजता मोकळं हवं आणि टीम कोण निवडणार, हे पदाधिकाऱ्यांकडनं आधी लिहून घ्यायचं. हो म्हणतात का बघू, काय होतंय ते इथं लिहितो.